औट्रम घाट : सायकलवरचा एक दिवस

मार्ग

चाळीसगावहून कन्नडला जाणारा रस्ता हा धुळे-सोलापूर महामार्गाचाच एक तुकडा आहे. अंतर सुमारे ३० किलोमीटर. आरंभी सपाट शिवार लागते, मग अजिंठा-सातमाळा डोंगररांग आडवी येते. ती चढणाऱ्या वळणाच्या रस्त्याला औट्रम घाट किंवा कन्नड घाट म्हणतात. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याचे नाव त्याला चिकटले. जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात. डोंगरपायथ्याच्या पाटणादेवीची वाट जोडली तर शंभराच्या जवळपास.

एकाच बाजूचा डोंगर

आल्प्समधील सायकलस्वार नदीच्या काठाने दरी चढत जातो, खिंड ओलांडतो आणि पलीकडच्या दरीत उतरतो. इटलीतील स्टेल्व्हिओ खिंडीची प्रसिद्ध चढण अशी २४ किलोमीटर लांब असून माथा २,७५० मीटरपेक्षा उंच आहे. औट्रम घाटाची रचना निराळी आहे. चाळीसगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर, तर कन्नड सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे. घाट चढून गेल्यावर पलीकडे तेवढा उतार मिळत नाही, कारण हा डोंगर म्हणजे खरे तर पठाराची कड आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. त्याची उत्तर कड झिजून येथे तुटलेली दिसते. कठीण थर उभा कडा होऊन राहतो, मऊ थर झिजून उतरंड होते, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा भासतो.

ही कड जलविभाजकही आहे. चाळीसगावच्या तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी गिरणेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला मिळते. कन्नडजवळून वाहणारी शिवना गोदावरीला मिळते, म्हणजे ते पाणी बंगालच्या उपसागरात जाते. घाटाच्या काही वळणांत सायकलस्वार एका समुद्राचे खोरे सोडून दुसऱ्याच्या खोऱ्यात शिरतो. नकाशा जवळ असेल तर माथ्यावर थांबून हे पाहण्याजोगे आहे.

चढ आणि गिअर

स्वार व सायकल मिळून ८५ किलो वजन धरले आणि रस्ता शंभर मीटरला सहा मीटर चढत असला, तर ताशी ८ किलोमीटर वेगासाठी सुमारे १२५ वॅट शक्ती लागते. त्यातली बहुतेक गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होते; एवढ्या कमी वेगात हवेचा विरोध नगण्य असतो. सराव असलेल्या माणसाला ही शक्ती तासभर पुरवता येते. अडचण शक्तीची नसून ती कोणत्या लयीत लावायची, याची असते. पुढे ४४ व मागे १८ दात्यांच्या साध्या सायकलीत या वेगाला पॅडल मिनिटाला जेमतेम २६ वेळा फिरते आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यांवर मोठा जोर येतो. पुढे २८ व मागे ३४ दाते असलेल्या गिअरमध्ये तेच काम ७७ हलक्या फेऱ्यांत होते. काम तेवढेच राहते, गिअर फक्त त्याची वाटणी बदलतो. साधी सायकल असलेल्याने घाटात उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

पाटणे

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर पाटणे येथे पाटणादेवीचे स्थान आहे. तेथील प्राचीन शिलालेखाकडे एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापल्याची नोंद या लेखात आहे. याच भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त पारा भरलेल्या आऱ्यांचे, आपोआप फिरत राहणारे चाक वर्णिले आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पाहता असे चाक चालू शकत नाही; घाटात पॅडल मारणाऱ्याला ते वेगळे पटवावे लागत नाही. पाटण्याहून वरच्या पितळखोरा लेण्यांकडे पायवाट जाते. सायकलीला मात्र घाटातूनच वळसा घालावा लागतो.

वेळ आणि शिदोरी

१८९७ साली बारा इटालियन सायकलस्वार रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर एका दिवसात कापण्यासाठी निघाले. लांब पल्ल्याच्या ‘ऑडॅक्स’ परंपरेचा उगम तेथे मानतात. आज भारतातही होणाऱ्या ‘ब्रेव्हे’ या त्याच परंपरेतल्या सायकलफेऱ्यांमध्ये २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटर. त्या हिशोबाने शंभर किलोमीटरला पावणेसात तास पुरतात. घाट आणि पाटणे धरून नऊ-दहा तास ठेवावेत. खाण्यासाठी जळगावची केळी उत्तम. शेवभाजी परतल्यावरच.

उतार

तीनशे मीटर उतरताना सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. वेग आवरला की तिचा मोठा वाटा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने साठतो. रिमवर दाबणारे ब्रेक सतत धरून ठेवल्यास रिम तापते आणि ट्यूब फुटण्याचा संभव असतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून पुन्हा सोडणे, हाच सुरक्षित मार्ग.

ऋतू आणि रहदारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. उन्हाळ्यात खानदेशात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पावसाळ्यात धबधबे असतात, पण दरडीही कोसळतात; ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीत हा घाट दरडींनी बंद पडला होता. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर घाटात अवजड वाहनांना बंदी आली, त्यामुळे सायकलस्वाराची मोठी धास्ती कमी झाली. परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा आहे आणि जंगलात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे अंधार पडण्याआधी घाट उतरलेला असावा.