सोंग घ्या, खरं बोला

समोर एक रिकामी खुर्ची. तिच्यात कुणी नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक. तरी ‘इथे तुमचे वडील बसलेत, काय सांगायचंय त्यांना?’ असं विचारलं की चाळिशीतल्या माणसाचा गळा दाटून येतो. वडील खोटे, हुंदका मात्र शंभर टक्के खरा! नाट्योपचाराची सगळी किमया इथेच आहे.

मुंबईतल्या घाटकोपरला सोंगातून खरं बोलणं नवं वाटू नये. इथल्या चिरागनगरात राहिलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४४ मध्ये अमरशेख आणि गव्हाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभं केलं, वगातून कामगारांची दुःखं मांडली. वगातला सोंगाड्या राजालाही चार खडे बोल सुनावतो. सोंग उतरवून ते बोलायची त्याची टाप आहे का?

तिकडे १९२०च्या दशकात व्हिएन्नात जेकब मोरेनो हे डॉक्टर संहितेशिवाय नाटकं करायचे. त्यांची एक नटी रंगमंचावर सोज्ज्वळ आणि घरी नवऱ्यावर आगपाखड करणारी. मोरेनोंनी तिला उलट्या, शिवराळ भूमिका दिल्या. ते सांगतात, घरातली भांडणं निवळत गेली! त्यांनी यातूनच पुढे सायकोड्रामा घडवला.

मग नाट्योपचाराच्या सत्रात होतं काय? अभिनय यायला लागत नाही. पाठांतर नाही, तिकीट काढून आलेले प्रेक्षक नाहीत. सुरुवातीला खेळ. नसलेला चेंडू एकमेकांकडे फेकायचा. गंमत बघा, तो निसटला की लोक खरोखर वाकून उचलतात!

पुढे गोष्ट रचायची. नायक कोण, त्याला हवंय काय, आडवं कोण येतं, मदत कोण करतं? कुणी भिंत चढणाऱ्या मुंगीची गोष्ट सांगू लागतो आणि मध्येच थबकतो. मुंगीची अडचण त्याचीच निघते!

मग अदलाबदल. आता त्या खुर्चीत तुम्ही बसायचं, वडील होऊन. बसण्याची ढब बदलते, आवाज जड होतो आणि ध्यानीमनी नसलेलं वाक्य तोंडून निघतं, ‘मला तरी कुणी कधी विचारलं?’ हे कुणी लिहून दिलं होतं?

शेवटी भूमिका उतरवायची. टोपी बाजूला, हात झटकायचे, स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं, मग काय जाणवलं त्यावर बोलायचं. एखादा खेळ नको वाटला तर नकार देता येतो. आधीपासून गोळ्या चालू असतील, तर त्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

आणि साहेबाला ठामपणे ‘नाही’ म्हणायची जी तालीम इथे केली, तिचं काय? ती उतरवून ठेवायची सक्ती नाही. खुशाल ऑफिसात न्या!