समुद्र नसलेल्या जिल्ह्यातली नाव

नगर जिल्ह्याची पाण्याशी ओळख करून द्यायची तर ती टंचाईपासूनच करून द्यावी लागते. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावं देशभर गाजली ती पाणी अडवलं म्हणून, आणि पाऊस फसला की इथल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर टँकर येतो. सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रातला क्षेत्रफळानं सर्वांत मोठा असा हा जिल्हा. किनारपट्टी तर दूरच, कोकण आणि याच्यामध्ये सह्याद्री उभा. अशा मुलखात नावेनं बेटावर जायची गोष्ट कुणी काढली तर ऐकणाऱ्याला चेष्टाच वाटेल.

पण नकाशा हाती घ्यावा. उत्तरेच्या अंगाला गोदावरी, दक्षिणेच्या अंगाला भीमा, आणि बऱ्याच अंतरापर्यंत या दोन नद्या हीच जिल्ह्याची हद्द. हद्दीवर नदी आली की सोयरे एका काठाला आणि बाजार दुसऱ्या काठाला, असं होणारच. कागदोपत्री जिल्हा वेगळा असला तरी देवाला, दवाखान्याला आणि लग्नाला माणूस जवळच्या गावी जातो, आणि जवळचं गाव पुष्कळदा पाण्यापलीकडं असतं. पूर्वी उन्हाळ्यात उतारावरून पायी जायचं, पावसाळ्यात तरीनं. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात या तरींसाठी १८६८ साली स्वतंत्र कायदाच झाला. म्हणजे नाव ही तेव्हा सरकारनं दखल घेण्याजोगी गोष्ट होती.

त्यातली महाराष्ट्राला सगळ्यात परिचित नाव सिद्धटेकची. अष्टविनायकांपैकी नगर जिल्ह्यात असलेला हा एकच गणपती, आणि आठांपैकी उजव्या सोंडेचाही हाच. कर्जत तालुक्यात भीमेच्या काठी छोट्या टेकडीवर उत्तराभिमुख देऊळ. मंदिर बांधलं अहिल्याबाई होळकरांनी, ज्यांच्या नावानं २०२४ पासून हा जिल्हा अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांचं पद गेलं तेव्हा त्यांनी इथं एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळालं, अशी आख्यायिका आहे. ही प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवतीची नव्हे. ती अख्ख्या टेकडीला घालायची, काट्याकुट्यातून, काही किलोमीटरची.

पुण्या-मुंबईचा भाविक मात्र यायचा पलीकडच्या तीरानं. रेल्वेनं दौंड, तिथून शिरापूर, आणि शिरापूरच्या घाटावरून नावेत बसून सिद्धटेक. नाव नको असेल तर काष्टी-पेडगावमार्गे लांबचा वळसा. पेडगाव म्हणजे जिथल्या बहादुरगडावर १६८९ साली संभाजीराजांना कैद करून आणलं ते गाव. पण यात्रेकरूला त्या इतिहासापेक्षा वळशाचीच धास्ती जास्त. म्हणून अष्टविनायक यात्रा केलेल्या जुन्या पिढीला सिद्धटेकच्या आठवणीत मूर्तीइतकीच नाव आठवते. आज भीमेवर पूल आहे. यात्रेची बस थेट देवळाच्या पायथ्याशी उभी राहते, आणि अष्टविनायक दोन दिवसांत ‘उरकणं’ शक्य होतं. हे क्रियापद यात्रा कंपन्यांच्या फार आवडीचं आहे.

इथवर गोष्ट सरळ आहे. नदी होती, नाव होती, पूल आला, नाव गेली. पण भीमेवर याच्या उलटही घडलं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

१९८० साली सोलापूर जिल्ह्यात उजनी धरण पूर्ण झालं. साठा ११७ टीएमसी. एवढ्या पाण्याचा फुगवटा मागं सरकत सरकत इंदापूर, करमाळा, कर्जत आणि दौंड तालुक्यांच्या शिवारांत शिरला. जिथं नदीचं पात्र हाकेच्या अंतरावर होतं तिथं समोरचा काठ धूसर दिसू लागला. गावं उठली आणि वर सरकली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं की अजूनही ते बाहेर येतं आणि लोक ते बघायला जातात. भिगवणला रोहित पक्षी आले, त्यांच्यामागं पर्यटक आले, पर्यटकांसाठी मच्छीमारांच्या होड्या आल्या. हे झालं फोटोत दिसणारं उजनी. फोटोत न दिसणारं असं की नदी होती तेव्हा चालत ओलांडता येणारं अंतर आता होडीशिवाय कापता येईना. रस्त्यानं जायचं तर तासन्‌तासांचा फेरा, होडीनं थोड्या वेळाचा प्रवास. साहजिकच होडी चालू राहिली, आणि तिच्यातून माणसांबरोबर दुचाक्याही जाऊ लागल्या. इथं नावेला धरणानं मारलं नाही, धरणानंच जन्माला घातलं.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली अशीच एक बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक पोलीस उपनिरीक्षक पोहत काठाला लागले. उरलेले सहा जण, त्यांत लहान मुलंही होती, वाचले नाहीत. ही जागा नगरच्या हद्दीबाहेरची असली तरी फुगवटा तोच आहे, वारंही तेच. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून येतं, आणि उघड्या जलाशयावर वाऱ्याला अडवायला झाड नाही की टेकडी नाही.

त्याच आठवड्यात नगर जिल्ह्यातही असंच घडलं, तेही बचावाच्या बोटीबाबत. अकोले तालुक्यात सुगाव इथं प्रवरेत दोन तरुण बुडाले होते. त्यांचा शोध घ्यायला २३ मे रोजी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उतरली आणि बंधाऱ्याजवळच्या भोवऱ्यात सापडून उलटली. दलाचे तीन जवान गेले. नदी उन्हाळ्यात कोरडी असते असं धरून चालणाऱ्या जिल्ह्यात ही बातमी कळायलाही जड गेली. पण प्रवरा आता आपल्या मर्जीनं वाहत नाही, आवर्तनानं वाहते. भंडारदरा धरणातून शेतीला पाणी सुटलं की ऐन वैशाखात तिला पावसाळ्यासारखी ओढ येते.

तिकडं उजनीवर कुगाव आणि पलीकडच्या काठावरचं शिरसोडी जोडणाऱ्या पुलाला सरकारनं मंजुरी दिली आहे. तो उभा राहिला की तिथली होडीही सिद्धटेकच्या वाटेनं जाईल.

आता गोदावरी. इथं खरोखरीची बेटं आहेत. कोपरगावचा ‘बेट’ नावाचा भाग त्यांतला प्रसिद्ध. दैत्यगुरू शुक्राचार्यांचं देऊळ तिथं आहे आणि त्या आवारात लग्नाला मुहूर्त पाहावा लागत नाही अशी समजूत आहे. राघोबादादा पेशव्यांचे अखेरचे दिवस याच कोपरगावात गेले, १७८३ मध्ये त्यांचा मृत्यूही इथंच झाला. खाली श्रीरामपूर तालुक्याच्या हद्दीवर गोदावरी दुभंगते आणि मध्ये सराला बेट उभं राहतं. पलीकडं वैजापूर तालुका, म्हणजे मराठवाडा. गंगागिरी महाराजांचं हे स्थान. साईसच्चरित्रात शिर्डीच्या तरुण फकिराचं मोल ओळखणारे जे गंगागीर येतात, ते हेच. त्यांनी सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह श्रावणात दरवर्षी वेगळ्या गावी भरतो. २०२४ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या पंचाळे शिवारात १७७ वा सप्ताह झाला. गावोगावच्या घरांतून भाकरी ट्रॉल्या भरभरून येते, आमटी काहिलींत शिजते. श्रावण म्हणजे पुराचा महिना. वरून नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून पाणी सोडलं की बेटाला वेढा पडतो.

बेट म्हटलं की वाचकाला नारळाचं झाड दिसतं. गोदाकाठच्या बेटावर ऊस असतो.

आणखी खाली प्रवरासंगमाला प्रवरा गोदावरीला मिळते आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, सुरू होतो. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. साठा १०२ टीएमसी, पसारा नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या जमिनीपर्यंत. या उथळ जलाशयात तीसेक बेटं आहेत आणि १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. पाहुण्या बदकांसाठी जागा राखीव झाली हे चांगलंच झालं. पण २०२३ च्या ऑगस्टात पलीकडच्या गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं देशभरच्या बातम्यांत दिसली. फुगवट्यापलीकडच्या शाळेत ती थर्माकोलच्या जाड तुकड्यावर बसून, हातानं वल्हवत जात होती. पाण्यात साप असतात म्हणून सोबत काठी. धरणाला तेव्हा सत्तेचाळीस वर्षं होऊन गेली होती.

अलीकडं नगर जिल्ह्यात १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी इथं शिर्डी विमानतळाचं उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झालं. तिथं प्रवाशाची पिशवी तोलली जाते, नाव ओळखपत्राशी ताडून पाहतात, आणि दृश्यमानता कमी असेल तर विमान उतरतच नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात याच कारणानं विमानसेवा काही आठवडे बंद होती. आडबाजूच्या होडीत चढताना प्रवासी नावाड्याला एकच विचारतो, वारं कसं आहे? विमानतळावर हवेचा निर्णय यंत्रणा घेते, होडीत तो ज्याचा त्यानं घ्यायचा.

सगळ्यात निवांत पाणी पश्चिमेकडं, भंडारदऱ्याला. १९१० मध्ये काम सुरू झालेलं हे दगडी धरण डिसेंबर १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते खुलं झालं. धरणाला त्यांचंच नाव, जलाशयाला आर्थर लेक. स्थानिक माणूस दोन्ही नावं न घेता ‘भंडारदरा’ म्हणून मोकळा होतो. साठा ११ टीएमसी, उजनीच्या दहाव्या हिश्शाहून कमी. पण त्यावर उत्तरेकडची शेती आणि साखर कारखाने उभे राहिले. पाण्याच्या टोकाशी रतनवाडी, तिथं अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ, वर रतनगड, आणि गडाच्या कुशीत प्रवरेचा उगम. जिल्ह्याचा मोठा भाग पावसाची वाट पाहत असतो तेव्हा इथल्या घाटघरला पाऊस थांबायची वाट पाहतात. नगरची चेरापुंजी म्हणतात ते हेच.

रतनगडला जाणारे जुने गिर्यारोहक शेंडी गावाहून लाँचनं जलाशय ओलांडायचे आणि पुढं रतनवाडीपर्यंत चालत जायचे. काठावरच्या आदिवासी वाड्यांना आजारी माणूस हलवायचा तर पाण्याचीच वाट जवळची. पुढं घाटघरचा २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प झाला, जलाशयाला वळसा घालणारा रस्ता सुधारला आणि गाड्या थेट अमृतेश्वराच्या दारात पोचल्या. मे-जूनमध्ये काजवे पाहायला इतके लोक येतात की त्याच रस्त्यावर रात्री वाहनांच्या रांगा लागतात, आणि दिव्यांच्या झोतांत काजवे दिसेनासे होतात. होडी इथंही आहे. फक्त आता ती पलीकडं नेऊन सोडत नाही. पाण्यावर एक फेरी मारून, भाडं घेऊन, चढवलं त्याच काठावर उतरवते.