संगणक सांगतो दहा, जॉब निघतो साडेबारा!

घरच्या टेबलावर बसणारा छोटा सीएनसी लेथ बिघडला, तर पहिला संशय कोणावर घ्यायचा?

लखनौहून कानपूरच्या रस्त्याला लागले की शहर सरता सरता अमौसी येते. बहुतेकांना हे नाव विमानतळामुळे ठाऊक आहे. विमानतळाला आता चौधरी चरणसिंग यांचे नाव दिलेले आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ‘अमौसी’च. यंत्रांची आवड असलेल्या माणसाला मात्र या परिसरात विमानापेक्षा स्कूटरची आठवण आधी होते.

इथल्याच सरोजिनी नगरमध्ये स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीचा कारखाना होता. १९७२ साली स्थापन झालेल्या या कंपनीने इटलीतल्या मिलान शहरातील इनोसेंटी कंपनीकडून लॅम्ब्रेटा स्कूटरचा कारखानाच विकत घेतला. यंत्रे, आराखडे, नावाचे हक्क, सारे काही. १९७५ पासून इथे ‘विजय सुपर’ बनू लागली. मुंबईकरांना लॅम्ब्रेटा तशी नवी नव्हती. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी पन्नासच्या दशकापासून मुंबईत ती तयार करत होती. पुढे १९९७ मध्ये लखनौच्या कारखान्यातले स्कूटरचे उत्पादन थांबले. ‘विक्रम’ ही तीनचाकी त्यानंतरही बनत राहिली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये कंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

कारखाना बंद झाला की यंत्रांचा लिलाव होतो, इमारतीची किंमत ठरते. पण टर्नरच्या कानात आणि बोटांत वर्षानुवर्षे साठलेल्या ज्ञानाची नोंद कोणत्याच वहीत नसते. नुसत्या आवाजावरून ‘टूल बोथट झालंय’ असे सांगणारा माणूस निवृत्त होऊन घरी जातो, आणि ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

त्याच वेळी दुसरीकडे काय घडते आहे? याच अमौसी औद्योगिक वसाहतीत ‘सीपेट’ या केंद्र सरकारी संस्थेचे केंद्र आहे. प्लास्टिकचे साचे घडवण्याच्या शिक्षणात तिथली मुले संगणकाने चालणारी यंत्रे हाताळतात. छत्रपती संभाजीनगरलाही या संस्थेचे केंद्र आहे. आणि शिक्षणसंस्थांबाहेर, हौसेखातर टेबलावर मावणारा छोटा सीएनसी लेथ घरी आणणारे किंवा जुन्या लेथला स्वतः मोटारी जोडणारेही आहेत. या नव्या हौशी मंडळींकडे संगणक आहे, पण टर्नरचा कान नाही. म्हणून जॉब बिघडला की ते आधी संगणकाकडे संशयाने पाहतात. प्रत्यक्षात दोष बहुधा स्क्रू, टूल, पट्टा किंवा एखाद्या वायरीत दडलेला असतो.

कुंभाराचे चाक आणि आंधळा संगणक

कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात तिला आकार देतो. लेथवर चकमध्ये पकडलेला धातू फिरतो आणि टूल त्याला सोलत जाते. साध्या लेथवर टूल पुढे-मागे नेण्याचे काम टर्नरचे हात करतात. सीएनसी लेथवर ते काम दोन मोटारींकडे असते. एक टूलला जॉबच्या लांबीच्या दिशेने नेते, तिला ‘झेड’ म्हणतात. दुसरी व्यास कमी-जास्त करते, ती ‘एक्स’.

अशा यंत्राची कल्पना अमेरिकेतली. हेलिकॉप्टरच्या पात्यांची वळणे हाताने अचूक साधत नव्हती, तेव्हा जॉन पार्सन्स यांना आकड्यांच्या आधारे यंत्र चालवण्याची कल्पना सुचली. १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेने छिद्रे पाडलेल्या पट्टीवरून आज्ञा घेणारे मिलिंग मशीन चालवून दाखवले. त्या वेळी नियंत्रणासाठी कपाटभर यंत्रणा लागली होती. आज ते काम तळहाताएवढे सर्किट करते.

छोट्या यंत्रांत बहुधा ‘स्टेपर’ जातीची मोटार असते. ती घड्याळाच्या काट्यासारखी टप्प्याटप्प्याने फिरते, सामान्यतः एका फेऱ्यात २०० टप्पे. संगणक ‘इतके टप्पे पुढे जा’ अशी आज्ञा देतो आणि मोटार तेवढी फिरलीच असे गृहीत धरतो. मोटार खरोखर फिरली का, हे तो पाहत नाही. घरगुती सीएनसी लेथच्या अनेक तक्रारींचे मूळ या आंधळेपणात आहे.

चूक कोणत्या जातीची?

माप चुकले की लगेच स्क्रू पिळायला घेऊ नये. आधी वेगवेगळ्या व्यासांचे तीन-चार तुकडे काढावेत, मायक्रोमीटरने मोजावेत आणि आकडे वहीत लिहावेत. चूक कोणत्या जातीची आहे, हे ते आकडेच सांगतात.

प्रत्येक व्यास सारखाच मोठा येतो का? म्हणजे १५ च्या जागी १५.०८ आणि २० च्या जागी २०.०८? तर यंत्र ठीक आहे. टूलची नोंद चुकली आहे. टूल किंवा त्याची टीप बदलल्यावर नवे माप संगणकाला सांगायचे राहून गेलेले असते.

चूक मापाच्या प्रमाणात वाढते का? म्हणजे १० ला १०.१ आणि २० ला २०.२? तर एका मिलिमीटरला किती टप्पे, हा आकडा चुकला आहे. समजा, स्क्रूच्या एका फेऱ्यात टूल ५ मिलिमीटर सरकते आणि मोटार फेऱ्याला २००० सूक्ष्म टप्पे घेते. मग मिलिमीटरला ४०० टप्पे झाले. पण मोटार चालवणाऱ्या डब्यावरचे छोटे खटके १६०० टप्प्यांवर राहिले असतील, तर १० मिलिमीटर सांगितल्यावर टूल साडेबारा मिलिमीटर धावेल! सांगितलेल्या अंतराच्या बरोबर दुप्पट किंवा निम्मे सरकले, तर प्रोग्रॅम व्यासात आणि संगणक त्रिज्येत बोलतो आहे का ते पाहावे. फरक २५.४ पटींचा असेल, तर इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत झाली, हे उघड आहे.

चूक जॉबगणिक वाढत जाते का? ती हळूहळू आणि थोडी वाढत असेल, तर टूल झिजते आहे. एकदम उडी मारत असेल, तर मोटारीचे टप्पे चुकत आहेत किंवा मोटार आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू ढिला झाला आहे. मोटारीच्या दांड्यावर आणि कपलिंगवर मिळून पेनने एक सरळ रेघ ओढावी. काही जॉबनंतर रेघ तुटलेली दिसली, तर चोर सापडला!

आणि एकाच जॉबच्या दोन टोकांना वेगवेगळे माप आले तर? बारीक, लांब सळईचे मोकळे टोक टूलच्या दाबाने मागे सरते, म्हणून तिथला व्यास मोठा राहतो. दोन्ही टोकांना आधार असेल, तर पोट मोठे येते. पण जाड, आखूड तुकडा हलका काप घेऊनही उतरता येत असेल, तर चक धरणारा हेडस्टॉक बेडच्या रेषेत नाही. हा दोष प्रोग्रॅममध्ये आकडे बदलून झाकू नये. हेडस्टॉकच सरळ करावा.

मळसूत्रातली ढील

विहिरीच्या रहाटाचा दोर सैल असला, तर आधी सैलपणा निघतो आणि मगच बादली हलते. स्क्रू आणि नट यांच्यातही असाच थोडा सैलपणा असतो. टूलने दिशा बदलली की मोटार फिरते, पण टूल क्षणभर जागेवरच राहते. त्यामुळे गोलाई असलेल्या जॉबवर पायरी उमटते.

तपासणी सोपी आहे. टूलपोस्टला डायल गेज टेकवावा, एकाच दिशेने थोडे सरकवून काटा शून्यावर आणावा, मग एक मिलिमीटर पुढे आणि एक मिलिमीटर मागे जाण्याची आज्ञा द्यावी. काटा शून्यावर परतला नाही, तर राहिलेला फरक म्हणजे ढील. संगणकात हा आकडा भरून भरपाई करता येते, पण तो शेवटचा उपाय आहे. ढिले टूल कापताना जॉबकडे खेचले जाते, आणि ते संगणक रोखू शकत नाही. आधी नट, बेअरिंग आणि सरकणाऱ्या भागाची जिब पट्टी नीट बसवावी. पट्टी फार आवळली, तर मात्र मोटारीचे टप्पे चुकू लागतील.

यंत्र ओरडते तेव्हा

कापताना कर्कश आवाज येतो आणि जॉबवर माशाच्या खवल्यांसारख्या खुणा उठतात. टर्नर याला ‘चॅटर’ म्हणतात. टूल आणि जॉब यांतले कोणीतरी थरथरते आहे, एवढाच त्याचा अर्थ. टूल होल्डरमधून जेवढे कमी बाहेर काढता येईल तेवढे काढावे. जॉब चकबाहेर व्यासाच्या तिपटीहून जास्त डोकावत असेल, तर टेलस्टॉकचा आधार द्यावा. फेरे कमी करून पाहावेत. नवशिके घाबरून टूल फार सावकाश चालवतात. मग ते कापत नाही, नुसते घासते. अशा वेळी गती थोडी वाढवल्यावर आवाज थांबतो. मोठ्या यंत्रांसाठी बनलेल्या कार्बाइड टिपांची धार किंचित बोथट ठेवलेली असते. हलक्या यंत्राला ॲल्युमिनियमसाठी मिळणारी तीक्ष्ण, चकचकीत टीप अधिक मानवते.

जॉबचे तोंड सपाट करताना मधोमध बारीक बोंडी उरली, तर टूलची उंची मध्याशी जुळलेली नाही. गोल सळई आणि टूलचे टोक यांच्यामध्ये पोलादी पट्टी हलकेच दाबून धरावी. ती उभी राहिली तर उंची बरोबर, कलली तर चूक. टूलखाली पातळ पत्र्याचे पॅकिंग घालावे किंवा काढावे.

दुसरा आवाज असतो मोटारीचा. वेगाने सरकताना ती घरघर करून जागीच थरथरली, तर तिची ताकद अपुरी पडली आहे. वेग वाढला की स्टेपर मोटारीची ताकद घटते. कमाल वेग आणि वेग वाढवण्याचा दर दोन्ही कमी करावेत, स्क्रूमधला धातूचा कीस साफ करून तेल द्यावे.

विनाकारण थांबणारे यंत्र

चक सुरू होताच यंत्र थांबते आणि पडद्यावर ‘मर्यादा ओलांडली’ अशी सूचना येते. टूल तर मर्यादेच्या जवळपासही नसते! इथे दोषी असतो विजेचा गोंगाट. चकच्या मोटारीच्या वायरी आणि मर्यादा दाखवणाऱ्या खटक्यांच्या वायरी एकत्र बांधलेल्या असतात, आणि एकीतला गोंगाट दुसरीत उतरतो. दोन्ही वेगळ्या मार्गाने न्याव्यात. खटक्यांसाठी जाळीचे आवरण असलेली वायर घ्यावी आणि ते आवरण एकाच टोकाला अर्थिंगला जोडावे. घराचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. स्टेपरची वायर मात्र वीज चालू असताना कधीही काढू नये. मोटार चालवणारे सर्किट जळते.

आटे पाडताना दुहेरी रेघा उमटल्या, तर चकचे फेरे मोजणारा सेन्सर पाहावा. प्रत्येक काप चकच्या एकाच कोनापासून सुरू व्हायला हवा. सेन्सर हलला असेल, त्यावर तेलकट कीस बसला असेल किंवा काप जड झाल्याने चकची गती मंदावत असेल, तर आटा आपली जागा सोडतो.

घरातले यंत्र, घरातली माणसे

कारखान्यात सुरक्षेकडे लक्ष द्यायला माणूस असतो. घरात मुले असतात, ओढणी असते, पदर असतो. फिरणारा चक यातले काहीही क्षणात गुंडाळून घेतो. सैल बाह्या, मोकळे केस, अंगठ्या, बांगड्या आणि हातमोजेही लेथजवळ नकोत. हातमोजा हाताचे रक्षण करत नाही, हात आत ओढतो. चष्मा हवाच. चकची चावी चकमध्ये सोडून हात काढायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. चावी तशीच राहिली आणि संगणकाने चक सुरू केला, तर ती गोळीसारखी सुटते. कीस ब्रशने किंवा आकड्याने काढावा, तोही चक पूर्ण थांबल्यावर. तातडीने बंद करण्याचे लाल बटण हाताशी असावे आणि त्याने चकही थांबला पाहिजे. नवा प्रोग्रॅम आधी जॉब न लावता हवेत चालवून पाहावा. काम संपल्यावर प्लग काढून ठेवावा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. स्क्रू आवळला, टूल बदलले, आकडाही बदलला आणि जॉब सुधारला, तर कशाने सुधारला हे कळणार कसे? बदल केला की वहीत लिहावा.

ओळखीत, नात्यात कोणी निवृत्त टर्नर असतील, तर एखाद्या रविवारी त्यांना चहाला बोलवावे आणि यंत्र सुरू करून दाखवावे. पडद्यावरच्या आज्ञा त्यांना कदाचित कळणार नाहीत. पण आवाज ऐकून ते पुढे होतील, यंत्र थांबवायला सांगतील आणि नेमक्या ढिल्या स्क्रूवर बोट ठेवतील. त्या वेळी घरातल्या मुलाला शेजारी उभे करावे.