आयात जेनेरिक औषधांची गुणवत्ता : डायएथिलीन ग्लायकॉलच्या निमित्ताने

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेच्या चतुष्पादांचे विवेचन आले आहे. त्यांपैकी औषधद्रव्य या पादाचे चार गुण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत : विपुलता, योग्यता, अनेक कल्पना करता येण्याची क्षमता आणि संपत्. परीक्षा संपल्यावर शेवटच्या गुणाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आज औषध एका देशात तयार होते, दुसऱ्या देशात विकले जाते आणि त्यातील द्रावक तिसऱ्याच देशातून आलेला असतो. अशा औषधाची संपत् कोणी व कोठे पाहावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. साधारणतः पेटंटची मुदत संपल्यावर तेच घटकद्रव्य वापरून इतर उत्पादकांनी बनविलेले औषध म्हणजे जेनेरिक. ते हलक्या प्रतीचेच असते असे मुळीच नाही. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर त्यास दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. आफ्रिकेतील असंख्य रुग्ण अशा औषधांमुळे वाचले. तेव्हा दोष स्वस्ताईत नसून, परीक्षणावाचून ठेवलेल्या विश्वासात आहे.

गोड विष

डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावण रंगहीन, दाट व चवीला गोड असते. सिरपमध्ये वापरले जाणारे ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल दिसावयास तसेच, परंतु महाग. भेसळीचे मूळ येथे आहे. शरीरात त्याचे रूपांतर डायग्लायकॉलिक आम्लात होते व ते वृक्कातील सूक्ष्म नलिकांचा नाश करते. आरंभी उलट्या व उदरशूल, नंतर मूत्रप्रवृत्ती बंद होणे, पुढे तंद्रा, आक्षेप आणि मृत्यू, असा क्रम आढळतो. औषधी द्रावकात त्याचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा अधिक असू नये असा दंडक आहे.

१९३७ साली अमेरिकेत एका उत्पादकाने सल्फानिलामाइड विरघळविण्यासाठी हेच द्रावण वापरले व शंभराहून अधिक रुग्ण दगावले. पुढील वर्षी तेथे औषधांची सुरक्षितता विक्रीपूर्वी सिद्ध करण्याची सक्ती करणारा कायदा झाला. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात नेत्र व मस्तिष्कातील दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा बळी गेला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी करून खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतचे दोष उघड केले.

कागदाचा प्रवास

आयातीतील धोका पनामाच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. तेथील शासकीय प्रयोगशाळेत २००६ साली खोकल्याचे औषध बनविण्यात आले. त्यासाठी वापरलेली पिंपे चीनमधून स्पेनमार्गे आली होती व त्यांवर शुद्ध ग्लिसरीन असे लिहिले होते. वाटेतील प्रत्येक व्यापाऱ्याने दाखला पुढे पाठविला, पिंपातील द्रव मात्र कोणीच तपासला नाही. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

२०२२ साली गांबियात किमान ६६ बालके वृक्काच्या तीव्र विकाराने दगावली. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातील एका कंपनीच्या चार सिरपांविषयी जगाला सावध केले. आपल्याकडे राखून ठेवलेल्या नमुन्यांत दोष आढळला नाही, असे भारत सरकारने कळविले. त्या वादात न शिरताही एक गोष्ट निर्विवाद आहे : गांबियाजवळ त्या वेळी औषध तपासण्याची स्वतःची प्रयोगशाळाच नव्हती. पाठविणाऱ्याच्या कागदावर विसंबण्यावाचून त्या देशाला गत्यंतर नव्हते. पुढे १ जून २०२३ पासून भारताने खोकल्याच्या सिरपांच्या निर्यातीपूर्वी शासनमान्य प्रयोगशाळेतील तपासणी सक्तीची केली.

ही दक्षता निर्यातीपुरती राहिली की काय होते, तेही आपण पाहिले. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार सुरू होते. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. परदेशी बालकाच्या बाटलीला जी तपासणी, ती स्वदेशी बालकाच्या बाटलीलाही हवी, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

आपल्या घरातील प्रश्न

हे सर्व आधुनिक औषधांचे दोष आहेत, असे म्हणून आपणास हात झटकता येणार नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद वा आर्सेनिक आढळले. तेथे आयातदार देशाच्या नजरेतून संशयित ठरले ते आपले शास्त्र. शास्त्रोक्त शोधन-मारण झालेले भस्म आणि निष्काळजीपणे मिसळलेली धातू यांतील भेद आपण जाणतो. तथापि तो भेद परीक्षणाने दाखविता आला पाहिजे. जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारद १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम अशा त्यांच्या मर्यादा आहेत. शिवाय, काही आयुर्वेदिक सिरपांतही ग्लिसरीन वापरले जाते, हे विसरता कामा नये.

वैद्याचे कर्तव्य

आमच्या मते चिकित्सालयात पुढील पथ्य पाळावे. सर्दी-खोकल्याच्या बालकास मूत्रप्रवृत्ती कमी झाल्यास, पूर्वी कोणते सिरप दिले, किती दिले, हे पालकांना विचारावे. बाटली फेकू न देता बॅच क्रमांकासह जपून ठेवावयास सांगावे. अशा वेळी मूत्राघात समजून गोक्षुर-पुनर्नवा देण्यात वेळ दवडू नये. डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णास तत्काळ पाठवावे व औषध प्रशासनास कळवावे. लहान बालकांचा साधा कास बहुधा स्वतःहून शमतो, हेही पालकांना समजावून द्यावे. जे वैद्य स्वतः सिरप बनवून घेतात, त्यांनी द्रावकाच्या प्रत्येक पिंपाचे परीक्षण झाल्याचा अहवाल मागावा. केवळ विक्रेत्याचा दाखला पुरेसा मानू नये.

द्रव्याची परीक्षा करूनच ते योजावे, ही आपल्या शास्त्राची जुनी शिकवण आहे. पूर्वीचा वैद्य वनस्पती स्वतः ओळखून, योग्य ऋतूत, योग्य भूमीतून आणवीत असे. आज बाटलीतील द्रव नजरेने ओळखता येत नाही, म्हणून प्रयोगशाळा हाच आपला डोळा होय. तो मिटून औषध देणाऱ्याने, ते औषध कोठून आले यावर बोट ठेवून आपली जबाबदारी टाळू नये, एवढेच आमचे नम्र निवेदन आहे.