परसबागेचा प्रारंभ : दोन वाफे, हप्त्याने पेरणी

शेतात कापूस वा ऊस उभा असूनही अनेक शेतकरी कुटुंबांस भाजीसाठी आठवड्याच्या बाजाराची वाट पाहावी लागते. आणलेली पालेभाजी दोन दिवसांत सुकते व उरलेले दिवस डाळ-भाकरीवर निभावले जातात. याची झळ गरोदर स्त्रिया व वाढती मुले यांना अधिक पोहोचते. कारण लोहाची गरज त्यांना विशेष असते. दुसरीकडे न्हाणीचे पाणी परसात साचून डास पोसते. या दोहोंवर परसबाग हा सोपा उपाय आहे.

नवशिक्याने प्रथम दोनच वाफे करावेत. दिवसातून सहा तास ऊन मिळेल अशा जागी ३ मीटर लांब व १ मीटर रुंद वाफे आखावेत; म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व माती तुडवली जात नाही. प्रत्येक वाफ्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्च्या खताबरोबर हुमणी येण्याचा संभव असतो.

सर्व बी एकाच दिवशी पेरू नये. मेथी सुमारे ३० दिवसांत काढणीस येते. संपूर्ण वाफा एकदम पेरल्यास भाजी एका आठवड्यात संपत नाही व पुढे वाफा रिकामा पडतो. यास्तव वाफ्याचे चार भाग करून दर आठ दिवसांनी एकेक भाग पेरावा. उन्हाळ्यात मेथीऐवजी माठ घ्यावा. कोथिंबिरीसाठी धने रगडून, दोन फोडी करून पेरावेत. दुसऱ्या वाफ्यात भेंडी लावून एक दिवसाआड तोडणी करावी. फळे निबर होऊ दिल्यास पुढील बहर कमी येतो.

भाजी-धान्य धुतलेले पाणी वाफ्यास द्यावे. साबणाचे पाणी पालेभाजीस न देता चर काढून केळीच्या आळ्याकडे न्यावे. मावा दिसल्यास ५० ग्रॅम निंबोळीचे चूर्ण १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून सायंकाळी फवारावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियांच्या पुड्या वाटल्या म्हणजे काम संपले असे मानू नये. आठ दिवसांनी पुन्हा जाऊन दुसरा भाग पेरला गेला की नाही, हे पाहावे. भाजीवर लिंबू पिळून खाल्ल्यास तिच्यातील लोह शरीरास अधिक मिळते, हेही गृहिणींस आवर्जून सांगावे. भाजी दारी पिकली, तरी ती आई व मुलांच्या ताटात पडेल तेव्हाच परसबाग सफल झाली असे म्हणता येईल.