आईस्क्रीमचं फॅट लावून बघू

कऱ्हाकाठच्या माणसाला दुधाचा हिशेब शिकवावा लागत नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ डेअरीवर कॅन उतरतात, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) लागतं, पावती हातात पडते. ३.५ आणि ८.५ हे आकडे इथं घराघरात पाठ असतात, कारण एखादा पॉइंट घसरला की दर कापला जातो. तोच माणूस लग्नसराईत फॅमिली पॅक घरी आणतो तेव्हा मात्र डब्यावरचं चित्र बघतो, आकडे बघत नाही. मग एकाच घरात दोन टोकाची मतं ऐकू येतात. आजी म्हणते, दूधच तर आहे, खाऊ द्या पोरांना. कॉलेजातला नातू म्हणतो, सगळा डालडा आणि केमिकल.

आधी आजीचं बघू. ३.५-८.५ चं दूध म्हणजे शंभर ग्रॅममध्ये १२ ग्रॅम घन भाग, बाकी पाणी. आईस्क्रीमसाठी एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे घन भाग किमान ३६ टक्के, दुधाचं फॅट किमान १० टक्के आणि प्रथिनं किमान ३.५ टक्के लागतात. ऐकायला दुधाच्या तिप्पट माल वाटतो. पण या ३६ ची फोड करा: १० फॅट, साधारण साडेदहा एसएनएफ, चिमूटभर स्टॅबिलायझर आणि उरलेले जवळपास १५ ग्रॅम म्हणजे वरून घातलेली साखर. म्हणजे घट्टपणा वाढला तो मुख्यतः फॅट आणि साखरेनं. प्रथिनं दुधात सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतात, आईस्क्रीममध्ये साडेतीन-चार. फरक जवळपास नाहीच.

यात अजून एक गोष्ट डेअरीच्या मशीनवर दिसत नाही, ती म्हणजे हवा. मिश्रण गोठवताना त्यात हवा घुसळली जाते. त्याशिवाय आईस्क्रीम चमच्यानं निघणारच नाही, बर्फाची वीट होईल. नियम म्हणतो, एक लिटर आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं. म्हणजे लिटरचा डबा अर्ध्या किलोच्या थोडा वरच भरला तरी तो कायदेशीर आहे, कुणी फसवलेलं नाही. लाईट गेल्यावर वितळलेला डबा पुन्हा गोठवला की पातळी खाली गेलेली दिसते. दुकानदारानं कमी भरलं असं आपल्याला वाटतं. गेलेली असते ती हवा. (असा वितळून गोठलेला डबा खाऊ नये हे वेगळंच, पण त्याचं कारण पोषणाचं नाही, जंतूंचं आहे.)

घोळ इथंच होतो. डबा विकला जातो मिलिलिटरवर, आणि मागचा पोषणाचा तक्ता पुष्कळदा १०० ग्रॅमचा असतो. १०० मिलिचा कप हातात घेऊन १०० ग्रॅमचे आकडे वाचले की सगळंच दुप्पट दिसतं. १०० ग्रॅम साध्या व्हॅनिलात १९० ते २०० कॅलरी, पण १०० मिलिच्या कपात माल जेमतेम ५५ ग्रॅम, म्हणून कॅलरी शंभरेक. त्यात फॅट साडेपाच ग्रॅम, वरची साखर आठ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे बरोबर, आणि प्रथिनं दोनच ग्रॅम. २०० मिलि दुधाच्या पेल्यात प्रथिनं साडेसहा ग्रॅम आणि कॅल्शियम २४० मिलिग्रॅमच्या घरात. कपातल्या आईस्क्रीममध्ये सत्तरेक. आजीनं कप आनंदानं द्यावा, पण दुधाच्या पेल्याच्या जागी देऊ नये. आणि 'एका कपानं वजन वाढतं' म्हणून घाबरणाऱ्यांनीही हेच आकडे बघावेत. अडचण कपाची नसते, टीव्हीसमोर चमचा घालून संपवलेल्या अख्ख्या डब्याची असते.

आता नातवाचा डालडा. डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं असेल तर त्यातलं फॅट पूर्ण किंवा काही अंशी वनस्पती तेलाचं असू शकतं, आणि तसं लेबलवर सांगणं बंधनकारक आहे. २०१७ साली अमूलच्या जाहिरातीत फ्रोझन डेझर्टचा संबंध वनस्पतीशी, म्हणजे आपल्या डालड्याशी, जोडला गेला. हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयानं त्या जाहिराती थांबवल्या. वनस्पती तेल वेगळं, ते हायड्रोजनेट करून केलेलं वनस्पती तूप वेगळं. शिवाय तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा भारतात २०२२ पासून २ टक्के आहे, त्यामुळे जुन्या डालड्याची भीती आज तशीच्या तशी लागू होत नाही.

मग आरोग्याला चांगलं कोणतं? उत्तर दोन्ही बाजूंना आवडणार नाही. फॅट दुधाचं असो वा पामतेलाचं, ग्रॅमला नऊच कॅलरी. दुधाच्या फॅटमध्ये ६० टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त, पामतेलात निम्म्याच्या आसपास. खोबरेल वापरलं तर नव्वदच्या घरात. साखर दोन्हींत सारखीच पडते. माझ्या मते आपल्या भागाची खरी तक्रार तब्येतीची नसून दराची आहे. बारामतीच्या एमआयडीसीत श्रायबर डायनॅमिक्स, इंदापुरात सोनाई, म्हणजे दुधाला गिऱ्हाईक मोठं. पण फ्रोझन डेझर्टच्या डब्यात आपल्या दुधाची पावडर गेली तरी आपलं फॅट जाईलच असं नाही. ही तक्रार रास्त आहे, ती तशीच सांगावी. तिला विषाची गोष्ट चिकटवायची गरज नाही.

केमिकलचंही थोडक्यात. लेबलवरचा ४१२ म्हणजे ग्वार गम, आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. ४७१ हा तेल-चरबीपासून होणारा इमल्सिफायर. तो प्राण्याचा की वनस्पतीचा याची शंका असेल तर हिरवं चिन्ह बघा, ते त्यासाठीच आहे. स्टॅबिलायझर पाणी धरून ठेवतात, म्हणून काही आईस्क्रीम वितळण्याऐवजी फेसासारखं बसून राहतं. ते प्लास्टिक नव्हे.

जत्रेतली मटका कुल्फी 'घरगुती' म्हणून हलकी समजली जाते. तिच्यात हवा जवळपास नसते आणि दूध आटवलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या कपापेक्षा तिच्यात माल जास्त, म्हणून साखर-फॅटही जास्त. प्रथिनंही जास्त, हे तिच्या बाजूनं. गारेगार आणि नळीतल्या पेप्सीत फॅट नाही हे खरं, पण साखर, रंग आणि पाणी सोडून दुसरंही काही नाही.

मधुमेह असलेल्या घरात 'शुगर फ्री' डबा येतो आणि चमच्यांचा हिशेब सुटतो. त्यातून वरची साखर गेलेली असते. दुधातली लॅक्टोज आणि फॅट जागच्या जागीच असतं. साखरेच्या जागी पुष्कळदा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल येतं, त्यालाही ग्रॅममागं दोन-अडीच कॅलरी असतात. आणि ही पॉलिऑल १० टक्के किंवा अधिक असतील तर पोट ढिलं होऊ शकतं ही सूचना डब्यावर छापावीच लागते, बारीक अक्षरात का होईना.