वजनाचा बाजार (भाग ४) : सोळा माणसांचा पुरावा

हिरवी कॉफी म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या बिया, दुसरं काही नाही. २०१२ साली मात्र अमेरिकेत तिच्या अर्काच्या गोळ्यांवर लोकांच्या उड्या पडल्या. डॉ. मेहमत ऑझ यांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिची भरभरून तारीफ केली होती. शिवाय पाठीशी ‘संशोधन’ होतंच : २२ आठवड्यांत सरासरी आठ किलो वजन उतरलं म्हणे.

प्रयोग झाला होता बंगळुरात. माणसं किती? सोळा.

आकडा ऐकूनच शंका यायला हवी, पण पुढचा प्रकार त्याहून सुरस आहे. प्रयोगाचा खर्च अर्क विकणाऱ्या कंपनीनंच उचलला होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं आरोप ठेवला की, प्रयोग करणाऱ्यानं सहभागींच्या वजनाचे आकडे पुन्हा पुन्हा बदलले, प्रयोगाचा कालावधी बदलला आणि खरी गोळी कुणाला, बनावट कुणाला, हेही चुकीचं नोंदवलं. २०१४ मध्ये कंपनीनं ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि ऑक्टोबरात तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. तोवर गोळ्या खपायच्या तेवढ्या खपून गेल्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे डॉ. ऑझ यांना आपली भाषा जरा फुलोऱ्याची झाल्याचं कबूल करावं लागलं.

सगळंच संशोधन असं नसतं. गार्सिनिया कॅम्बोजियाचं पाहा. नाव भारदस्त असलं तरी ही केरळातली कुडमपुळी, तिथे माशाच्या कालवणात पडणारी, आपल्या रातांब्याच्या नात्यातली. तिच्यातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल चरबी साठू देत नाही, असा दावा. १९९८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात १३५ जणांवरचा नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना बनावट गोळी. आहार मात्र दोन्ही गटांना सारखाच, कमी उष्मांकाचा. बारा आठवड्यांनी अर्कवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी घटलं आणि बनावट गोळीवाल्यांचं ४.१ किलोंनी! संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक दखल घेण्याजोगा नाही, पण अर्काचा फायदा शून्य.

म्हणजे वजन उतरवलं ते ताटानं. बाटलीवर बारीक अक्षरांत ‘संतुलित आहार व व्यायामासोबत घ्यावे’ असं का छापतात, ते इथे कळतं. श्रेय मात्र गोळी घेऊन जाते. ‘काहीही खा, तरी बारीक व्हा’, ‘प्रत्येकाला गुण येणारच’ असली वाक्यं दिसली की तिथेच थांबावं.

आपल्याकडे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. तो बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायलाच मनाई आहे. म्हणून बरीचशी उत्पादनं ‘पूरक आहार’ म्हणून विकली जातात आणि त्यांच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी डबा हातात आला, तर आधी ती ओळ शोधा.